खोटा सप्लाय: उद्यमनगरातील एका ऑटो इलेक्ट्रिशियनच्या कामाविषयी

माझी उंची पाच फूट एक इंच आहे आणि यजमानांची पाच फूट अकरा इंच. घरात गाडी एकच आणि ती चालवणारे आम्ही दोघे, त्यामुळे चालकाच्या सीटखालच्या विजेच्या मोटर्स आमच्यासाठी चैनीची वस्तू नाहीत. गेल्या जुलैत गगनबावड्याहून परतल्यावर यजमानांनी सीट अगदी मागे असताना गाडी लावली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी बटण दाबले तर सीट जागची हलली नाही. क्लच पूर्ण दाबता येत नसेल तर गाडी चालवू नये, हे मला कळत होते. पाठीमागे उशा रचून चालवण्याचा सल्ला शेजाऱ्यांनी दिला, पण ब्रेक जोरात दाबताना पाठीला भक्कम आधार लागतो आणि तो उशी देऊ शकत नाही. म्हणून गाडी दारातच राहिली. पुढचे अकरा दिवस मी कॉलेजला रिक्षाने गेले आणि त्या अकरा दिवसांत या दोषाची दोन निदाने झाली. दुसरे निदान ज्यांनी केले, त्यांच्या कामाचे हे परीक्षण आहे.

पहिले निदान एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये झाले. त्यांनी आधी गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारा स्कॅनर लावला आणि त्यात एकही दोष नोंदलेला नाही असे सांगितले. आमच्या गाडीच्या सीटला मेमरीची, म्हणजे सीटची जागा लक्षात ठेवण्याची, सोय नाही, म्हणजे सीटला स्वतंत्र नियंत्रक नाही. बॅटरीकडून आलेली वायर फ्यूजमधून थेट बटणांच्या संचाकडे जाते आणि तेथून मोटर्सकडे. दोष नोंदवून ठेवणारे कोणी त्या मार्गात नसल्यामुळे स्कॅनरचे कोरे उत्तर येणारच होते आणि त्यातून काहीही सिद्ध होत नव्हते. त्यानंतर त्यांनी सीटखालचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, सोडवून त्याच्या पिनांवर मल्टिमीटर धरला. मीटरने १२.४ व्होल्ट दाखवले. सप्लाय बरोबर येतो आहे, तेव्हा मोटर्स कमजोर झाल्या आहेत, त्या सुट्या मिळत नाहीत आणि रेलसह पूर्ण सांगाडा बदलावा लागेल, असे सांगून त्यांनी ४१,६०० रुपयांचा अंदाज हाती दिला. मी कनिष्ठ महाविद्यालयात चोवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवते आहे. कपलर सोडवलेला असताना घेतलेल्या त्या मोजणीत काहीतरी चुकते आहे असे मला वाटत होते, परंतु नेमके काय, ते तेव्हा शब्दांत मांडता आले नाही.

ज्या वर्कशॉपविषयी मला लिहायचे आहे ते कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथ आणि फाउंड्रीच्या शेडांच्या रांगेत एका गाळ्यात आहे. मिस्त्री स्वतः आणि त्यांचा पुतण्या, एवढीच माणसे. हाताशी काम मावत नाही म्हणून नाव छापू नका, असे त्यांनी सांगितल्यामुळे मी नाव देत नाही. ओळखीची खूण एवढीच की गाळ्याच्या दारात फलकाऐवजी जुन्या वायरिंग हार्नेसचा मोठा झुबका टांगलेला आहे. यजमानांनी गाडी तिथवर नेली, मी शेजारी बसून गेले.

मिस्त्रींनी पहिली दहा मिनिटे एकाही हत्याराला हात लावला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. एकच हालचाल बंद आहे की सगळ्या? दोन्ही दिशांना बंद आहे की एकाच? अचानक बंद पडली की हळूहळू मंदावत गेली? पावसात जास्त त्रास होतो का? सीटवर कोणी नसताना हलते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते, कारण तसे करून पाहण्याचे आम्हाला सुचलेच नव्हते. त्यांनी यजमानांना खाली उतरवले आणि बाहेर उभे राहून एकेक बटण दाबले. रिकामी सीट वर उचलली गेली, पण रडतखडत. पाठ मागे-पुढे झाली, तीही मंदपणे. पुढे सरकण्याचे बटण दाबले तेव्हा मोटरचा बारीक घरघराट आला आणि सीट बोटभर सरकून थांबली. मग मला बसवून तेच सारे पुन्हा केले. आता सीट खाली जात होती, पण वर येत नव्हती.

या प्रश्नांच्या क्रमात मोठे शहाणपण आहे. अशा सीटमधील प्रत्येक मोटर डीसी असते आणि तिला दोनच वायरी असतात. बटण मोकळे असताना दोन्ही वायरी अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीमार्गे बॅटरीच्या ऋण टोकाला, जोडलेल्या असतात. बटण एका बाजूला दाबले की एका वायरीला बॅटरीचा धन सप्लाय मिळतो, दुसरी अर्थलाच राहते आणि मोटर एका दिशेने फिरते. उलट दाबले की दोघींच्या भूमिका बदलतात आणि मोटर उलट फिरते. म्हणजे दोन्ही दिशांना त्याच दोन वायरी आणि तीच मोटर कामाला येते, बदलतो तो फक्त बटणातला संपर्क. म्हणूनच एखादी हालचाल एकाच दिशेने बंद असेल तर संशय आधी बटणावर घ्यायचा, एकच हालचाल दोन्ही दिशांना बंद असेल तर त्या मोटरवर, तिच्या वायरींवर किंवा बटणावर, आणि सगळ्याच हालचाली एकदम बिघडल्या असतील तर जे सगळ्यांना समाईक आहे त्यावर, म्हणजे फ्यूज, मुख्य सप्लाय, कपलर आणि अर्थ यांवर. आमच्या गाडीत वर न येता फक्त खाली जाणारी सीट वरवर पाहता बटणाचा दोष वाटली असती. मिस्त्री तिथे फसले नाहीत. खाली जाताना माणसाचे वजन मोटरला मदत करते आणि वर येताना तेच वजन तिला उचलावे लागते, शिवाय रिकामी सीट वर येतेच आहे, तेव्हा संपर्क शाबूत आहे आणि कमी पडते आहे ती ताकद, असे त्यांनी पुतण्याला समजावून सांगितले. चारही मोटर्स एकाच महिन्यात म्हाताऱ्या होत नाहीत, हे त्यांचे पुढचे वाक्य होते. सर्व्हिस सेंटरच्या निदानातला कच्चा दुवा त्या वाक्याने उघड झाला.

त्यानंतरची चाचणी इतकी सोपी आहे की ती कोणालाही घरी करता येईल. गाडीच्या छतातला दिवा लावून मिस्त्रींनी सीटचे बटण दाबून धरले. दिवा किंचित मंद झाला. सर्किट कुठेतरी पूर्ण तुटले असते तर प्रवाह वाहिलाच नसता आणि दिव्याला काही कळले नसते. प्रवाह वाहतो आहे, तेव्हा फ्यूज आणि वायरींची सलगता यांची काळजी मिटली. घरघराट ऐकू येतो आहे पण हालचाल नाही, अशा वेळी रेलमध्ये नाणे, पेन किंवा मुलांचे खेळणे अडकले आहे का, हे टॉर्चने पाहायचे असते. तेही त्यांनी पाहिले. काही नव्हते.

मग मीटर निघाला. सर्व्हिस सेंटरने वापरला होता तसाच साधा डिजिटल मल्टिमीटर होता. फरक एवढाच की मिस्त्रींनी कपलर सोडवला नाही. तो जोडलेलाच ठेवून पिनांच्या मागच्या बाजूने त्यांनी बारीक सुया आत सरकवल्या आणि मला सीटवर बसून पुढे सरकण्याचे बटण दाबून धरायला सांगितले. मोटरवर फक्त ७.९ व्होल्ट होते. बटण सोडल्यावर सप्लायच्या पिनांवर पुन्हा १२.४. "सप्लाय दिसतोय मॅडम, पण खोटा हाय. लोड टाकला की पळतोय," असे ते म्हणाले, आणि अकरा दिवस मला जे शब्दांत मांडता येत नव्हते ते त्या वाक्यात आले.

ही गोष्ट सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते, कारण गाड्यांच्या वायरिंगमधील कितीतरी चुकीची निदाने याच ठिकाणी होतात. डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण दहा मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. बारा व्होल्टवर तो जेमतेम एक मायक्रोअँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. वायरीच्या वाटेत गंजामुळे अर्धा-पाऊण ओहमचा अडथळा आला असेल, तर इतक्या क्षुल्लक प्रवाहाला तो जाणवतसुद्धा नाही आणि मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर तेच दाखवेल. मोटर मात्र काही अँपिअर मागते आणि प्रवाह जितका जास्त तितके व्होल्टेज त्या अडथळ्यावर खर्ची पडते. ओहमचा नियम मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. बॅटरीच्या अंतर्रोधावरची, म्हणजे तिच्या आतल्या रोधावरची, उदाहरणे सोडवून घेताना मी मुलांना हेच सांगते की प्रवाह वाहू लागल्याशिवाय तो रोध दिसत नाही. तरीही स्वतःच्या गाडीत तोच धडा मला दुसऱ्याने दाखवावा लागला.

व्होल्टेज नेमके कुठे हरवते आहे, ते शोधण्याची त्यांची रीत मला सर्वांत आवडली. बटण दाबलेलेच ठेवून त्यांनी एक सुई बॅटरीच्या धन टोकावर आणि दुसरी कपलरच्या सप्लाय पिनवर धरली. फरक ०.४ व्होल्ट, म्हणजे चालण्याजोगा. मग एक सुई बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी कपलरच्या अर्थ पिनवर. फरक ४.१ व्होल्ट. निरोगी अर्थवर हा आकडा शून्याच्या अगदी जवळ, फार तर ०.१ ते ०.२ असायला हवा. १२.४ मधून ०.४ आणि ४.१ वजा केले की ७.९ उरतात. हिशेब जुळला. आता बॅटरीकडची सुई काढून त्यांनी ती सीटजवळच्या उघड्या पत्र्यावर टेकवली आणि आकडा जवळपास तेवढाच राहिला. याचा अर्थ बॅटरी ते बॉडी हा मार्ग चांगला आहे आणि दोष कपलरपासून बॉडीपर्यंतच्या हातभर वायरीत, तिच्या टोकाच्या लगमध्ये (बोल्टखाली बसणाऱ्या धातूच्या कडीत) किंवा तो आवळणाऱ्या बोल्टमध्ये आहे. डीसी मोजू शकणाऱ्या क्लॅम्प मीटरने प्रवाह सुमारे ६ अँपिअर दाखवला. म्हणजे अडथळा पाऊण ओहमपेक्षाही कमी. एवढासा अडथळा मोटरच्या वाटचे एक तृतीयांश व्होल्टेज खातो आणि बटण दाबले असताना पंचवीस वॅटच्या आसपास उष्णता गालिच्याखाली सोडतो.

अजून एकही बोल्ट सैल केला नव्हता आणि दोषाची जागा हातभर अंतरात आली होती. निदान म्हणतात ते हे.

प्रत्यक्ष जागेपर्यंत पोहोचण्यासाठी सीट काढावी लागणार होती आणि तिथे नवी अडचण उभी राहिली. सीट पूर्ण मागे असताना रेलचे पुढचे दोन बोल्ट दिसतात, मागचे दोन झाकलेले असतात. मिस्त्रींनी सरकवणाऱ्या मोटरचा कपलर समोरून हात घालून सोडवला आणि फ्यूज बसवलेल्या दोन वायरींनी तिला थेट बॅटरीचा सप्लाय दिला. सीट एका दमात, नव्यासारखी पुढे सरकली. मागचे बोल्ट उघडे पडले, आणि जी मोटर टाकाऊ ठरवली गेली होती ती आणि तिचा रेल दोन्ही धडधाकट असल्याचे आमच्या डोळ्यांदेखत सिद्ध झाले. फ्यूजशिवाय अशी थेट जोडणी कोणी करू नये, कारण मोटर अडकली तर ती नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते.

सीटखालच्या पिवळ्या कपलरविषयी त्यांनी घेतलेली काळजी मी मुद्दाम नोंदवते. पिवळा रंग एअरबॅगच्या सर्किटचा असतो. सीटच्या बाजूची एअरबॅग किंवा पट्टा आवळणारे यंत्र त्याला जोडलेले असते. बॅटरीचे ऋण टोक काढल्यावर ते दहा मिनिटे थांबले आणि मगच त्यांनी तो कपलर सोडवला, कारण एअरबॅगच्या नियंत्रकात काही काळ ऊर्जा साठून राहते. त्या कपलरवर मीटर लावायचा नाही, हे त्यांनी पुतण्याला दोनदा बजावले. रोध मोजताना मीटर स्वतःच प्रवाह सोडतो आणि तेवढाही प्रवाह त्या सर्किटमध्ये जाऊ देऊ नये. सीट बाहेर असेपर्यंत किल्ली कोणी फिरवू नये म्हणून ती त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवली. कपलर सुटलेला असताना किल्ली फिरवली तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि बऱ्याच गाड्यांत तो स्कॅनरशिवाय जात नाही.

गालिचा उचलला तेव्हा खालचा फोम पिळून पाणी निघाले. वर रबरी मॅट असल्याने आम्हाला ओल कधी दिसली नव्हती. पावसाळ्यात येणारा कुबट वास आम्ही एसीच्या माथी मारत होतो. उंबऱ्यालगतच्या आडव्या पत्र्यावर अर्थचा बोल्ट होता. त्याच्या लगवर हिरवट पूड साचलेली, लगाखालचा रंग फुगून त्यात तांबूस गंज शिरलेला आणि वायर मुळाशी काळी पडलेली. मिस्त्री म्हणाले की २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या त्यांच्याकडे महिनोन्महिने येत होत्या. गालिच्याखालचे अर्थ पॉइंट कसे सडतात, ते त्या गाड्यांनी त्यांना शिकवले. गाडी बाहेरून वाळलेली दिसते, फोम आतून ओलाच राहतो आणि बिघाड वर्षभराने तोंड वर काढतो.

दुरुस्तीचे काम निदानापेक्षा लहान होते. काळी पडलेली वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे कापून त्यांनी कलई केलेला नवा लग क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. झाळकाम का केले नाही, असे मी विचारले. झाळलेली वायर झाळ संपते तिथे ताठ होते आणि सतत हादरे बसणाऱ्या जागी तिथेच तुटते, हे त्यांचे उत्तर मला पटले. पत्रा उघडा पडेपर्यंत घासला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि आवळून झाल्यावरच वरून रंग व जेली लावली. अर्थची नवी वायर सीटच्या सांगाड्यालाच जोडली तर काम लवकर होणार नाही का, हेही मी विचारले. सांगाडा ग्रीस लावलेल्या रेलवर सरकतो, त्याच्यावर अर्थसाठी भरवसा ठेवता येत नाही आणि कंपनीने नेमून दिलेली जागा दुरुस्त करणेच योग्य, असे ते म्हणाले. सीट परत बसवून तेच माप पुन्हा घेतले. अर्थवरचा फरक ४.१ वरून ०.०८ वर आला आणि मोटरला ११.९ व्होल्ट मिळू लागले. मी बसलेली असताना सीट पुढे आली, वर आली, आणि माझा पाय क्लचवर पूर्ण टेकला.

आता उणिवा. पाणी आले कुठून, या प्रश्नाकडे ते स्वतःहून वळले नाहीत. मला विचारावे लागले. विचारल्यावर मात्र त्यांनी सनरूफ उघडून पन्हळीच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतले. ते खाली रस्त्यावर पडायला हवे होते, पण कोपऱ्यातच साचून राहिले. काचेच्या खांबातून खाली जाणारी निचऱ्याची नळी पानांच्या चुऱ्याने आणि मातीने बुजली होती. ती साफ झाली नसती तर पुढच्या पावसाळ्यात नवा लगही सडला असता, म्हणून ही तपासणी निदानाचाच भाग असायला हवी, असे माझे ठाम मत आहे आणि ते मी त्यांना सांगितले. गालिचा वाळवण्याची सोय त्यांच्याकडे नाही. फोम काढून आम्हाला घरी पंख्याखाली चार दिवस ठेवावा लागला आणि तो बसवून घेण्यासाठी दुसरी फेरी पडली. वेळ ठरवून मिळत नाही. आम्ही सकाळी साडेदहाला गेलो आणि गाडीला हात लागला तो दुपारी दोन वाजता. बसायला एक लाकडी स्टूल आहे. ज्येष्ठांना सोबत नेऊ नये.

सीटला मेमरी असलेल्या गाड्या ते घेत नाहीत. अशा सीटच्या मोटरमध्ये फेऱ्या मोजणारे हॉल सेन्सर असतात, नियंत्रक त्या मोजणीवरून सीटची जागा लक्षात ठेवतो आणि काही गाड्यांत सप्लाय तुटल्यावर त्याला दोन्ही टोके पुन्हा शिकवावी लागतात. त्यासाठी लागणारी साधने आपल्याकडे नाहीत, असे त्यांनी आमच्यासमोरच एका गाडीवाल्याला सांगून परत पाठवले. ज्या कामाची साधने नाहीत ते काम हाती न घेणारा माणूस मला भरवशाचा वाटतो.

बिल २,३५० रुपये झाले. त्यातले ८०० रुपये केवळ तपासणीचे होते आणि दोष सापडो वा न सापडो, ते द्यावे लागतील, असे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. आमच्या आधी आलेले एक गृहस्थ यावरूनच उठून गेले. नुसते बघायचे कसले पैसे, असे त्यांचे म्हणणे होते. मला हे ८०० रुपये पूर्ण बिलातले सर्वांत रास्त वाटले. सुटा भाग विकूनच ज्याला पैसे मिळतात त्याचा कल भाग बदलण्याकडे झुकणार, आणि मोजमापाचे पैसे ज्याला मिळतात तो मोजत राहू शकतो. छापील बिल मागितल्यावर मिळाले. आधीची आणि नंतरची मापे त्यावर लिहून द्या, अशी विनंती केली, तेव्हा त्यांनी ती आनंदाने लिहिली. हे न मागता व्हायला हवे.

कोणाला जायचे असेल तर दहाच्या आत पोहोचावे, सीटखालचे सामान आधी काढावे आणि कोणत्या स्थितीत काय चालते व काय अडते ते दोन दिवस कागदावर टिपून न्यावे. सीट एका ठराविक जागी आली की बिघाड होतो आणि इतर वेळी नाही, असे आढळले तर ते आवर्जून सांगावे, कारण सीटबरोबर हलणारी वायर आवरणाच्या आत तुटली असेल तर तिचा पत्ता अशाच नोंदीवरून लागतो.

सप्टेंबरअखेर, पाऊस ओसरल्यावर, मी पुतण्याला तेच माप पुन्हा घ्यायला लावले. ०.०९ व्होल्ट आले. गालिच्याखाली हात घातला, फोम कोरडा होता.